हॅलो, ऐकू येतंय का?

लहानपणी साताऱ्याला आजीसोबत मी आयएसडी बूथवर जायचे. फोन अमेरिकेतल्या मामाला, पण आजीची नजर सगळा वेळ मीटरवर! एप्रिल 2002 पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, 2003 मध्ये स्काइप आलं. पुढे आजीकडे कॉम्प्युटर आला, हेडफोन आला आणि मीटर गायब! आवाजाची छोटी छोटी पॅकेट्स नेटवरून जातात. त्यामुळे कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोलायला पैसे फक्त नेटचे. एखादं पॅकेट हरवलं की आवाज तुटायचा, तरी आजी खूश.

5 मे 2025 ला स्काइप बंद झालं. मोबाइलवर आजीला नीट ऐकू येत नाही. म्हणून सुट्टी टाकून गेले आणि तिच्या कॉम्प्युटरवर गूगल मीट सुरू करून दिलं. मामाशी पोटभर बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "तुझंही नाव टाक की यात. मामा इतक्या लांबून दर रविवारी बोलतो. तू पुण्यात असून..."

काय बोलणार? आता माझाही रविवार ठरलाय, सकाळी दहा. तुमचीही अशी कुणी वाट बघत असेल ना? कॉल तर कधीच फुकट झालाय, बॉस! वेळ तेवढा काढायचा.