प्रोसेसर निवडावा कामाच्या मापाने

बारावीचा निकाल लागतो, अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात प्रवेश निश्चित होतो आणि रत्नागिरीतील अनेक घरांत संगणक घेण्याचा विषय निघतो. तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून तो जुळवून घेण्याकडे, म्हणजेच ‘असेम्बल’ करून घेण्याकडे, अनेकांचा ओढा असतो. दुकानात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो : आय-५ घ्यावा की आय-७? हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो दुसरा प्रश्न आहे. या संगणकावर पुढील पाच-सहा वर्षे कोणते काम होणार, हा पहिला. त्याचे उत्तर न शोधता प्रोसेसर निवडला, तर कधीही वापरात न येणाऱ्या शक्तीवर काही हजार रुपये खर्च होतात आणि तेवढीच काटकसर मेमरी, एसएसडी आणि वीजपुरवठ्याच्या भागांत करावी लागते. संगणक संथ चालतो किंवा अकाली बंद पडतो, तो बहुतेक वेळा या काटकसरीमुळे.

आकडे काय सांगतात?

प्रोसेसरच्या खोक्यावर ठळकपणे छापलेला आकडा असतो गिगाहर्ट्झचा. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज आवर्तने. पण एका आवर्तनात किती काम उरकते, हे प्रत्येक रचनेत वेगळे असते. इंटेलने २००४ मध्ये ‘पेंटियम ४’चा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेला. ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर मात्र त्याच वर्षी रद्द केला. उष्णता आणि विजेचा खप आवाक्याबाहेर चालला होता. २००६ मध्ये आलेला ‘कोअर २ ड्युओ’ त्याहून बऱ्याच कमी गिगाहर्ट्झवर चालत असूनही कामात सरस ठरला. तेव्हापासून केवळ गिगाहर्ट्झवरून तुलना करण्यात अर्थ उरलेला नाही.

दुसरा आकडा कोअरचा. एक कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक घटक. आंब्याच्या मोसमात पेट्या भरायला आठ माणसे लावली, तर काम झपाट्याने उरकते. परंतु भरलेली गाडी मुंबईला नेण्यासाठी आठ चालक बसवले, म्हणून ती लवकर पोहोचत नाही. संगणकाची कामेही अशीच दोन प्रकारची असतात. चित्रफितीचे संपादन, त्रिमितीय चित्रांची निर्मिती, मोठ्या प्रोग्रॅमचे संकलन ही कामे अनेक कोअरमध्ये वाटून देता येतात. ऑटोकॅडमधील बहुतेक रेखाटन किंवा हिशेबाचे रोजचे काम मुख्यतः एकाच कोअरच्या चपळतेवर अवलंबून असते. तेथे सोळा कोअर असले, तरी बहुतेक बसूनच राहतात.

पुण्यातील उदाहरण

कामानुसार प्रोसेसर निवडण्याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. हवे तसे शक्तिशाली ‘क्रे’ महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात ‘सी-डॅक’ स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळवण्याचा हट्ट धरला नाही. हवामानाच्या गणितासारखी कामे तुकड्यांत विभागता येतात, हे हेरून तिने इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ निवडले. एकेकटे पाहिले तर ते महासंगणकाच्या तोलाचे नव्हते. पण एकमेकांशी थेट जोडण्याची सोय त्यांच्या रचनेतच होती. त्यांतून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला.

या कथेचा उत्तरार्धही ग्राहकाच्या उपयोगाचा आहे. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली आणि ती मालिकाच पुढे संपुष्टात आली. ‘सी-डॅक’ने ‘परम ८६००’मध्ये इंटेलच्या आय-८६० प्रोसेसरची जोड दिली आणि ‘परम ९०००’ची रचना नवे प्रोसेसर सामावून घेता येतील अशी केली. आज निवडलेल्या प्रोसेसरला उद्या वारस मिळेल का, हे पाहणे म्हणूनच निवडीचा भाग ठरते.

कोणासाठी कोणता?

पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट आणि ऑनलाइन अभ्यास एवढेच काम असेल, तर चार कोअरचा ‘कोअर आय-३ १२१००’सारखा प्रोसेसर पुरेसा आहे. वाचलेले पैसे १६ जीबी मेमरी आणि चांगल्या एसएसडीवर खर्च केले, तर फरक लगेच जाणवतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग, रेखाटन आणि आकडेमोड अशी मिश्र कामे करावी लागतात. त्यासाठी सहा कोअर व बारा थ्रेड असलेला ‘कोअर आय-५ १२४००’ किंवा ‘रायझन ५ ७६००’ हा मध्यममार्ग योग्य. लग्नसमारंभाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्या स्टुडिओसाठी आठ किंवा अधिक कोअरवरील खर्च वसूल होतो. निव्वळ खेळांसाठी संगणक हवा असेल, तर आधी ग्राफिक्स कार्डाची तरतूद करावी आणि उरलेल्या रकमेत प्रोसेसर बसवावा.

नावापुढील अक्षरही वाचावे. इंटेलच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. ‘के’ म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. ती वापरायची नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘रायझन ५ ५६००जी’मधील ‘जी’ अंगभूत ग्राफिक्स दर्शवतो. अशा ग्राफिक्सवर काम करायचे असल्यास १६ जीबीची एकच मेमरी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन जोडीने बसवाव्यात; दोन मार्गांनी माहितीची ने-आण होऊन वेग वाढतो.

उष्मा, दमट हवा आणि वीज

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बाराही महिने दमट हवा आणि समुद्रावरून येणारा खारा वारा, या रत्नागिरीच्या हवामानात वॉटचा आकडा विशेष महत्त्वाचा. ‘कोअर आय-५ १२४००’वर मूळ खप ६५ वॉट असा लिहिलेला असला, तरी कमाल भाराखाली तो ११७ वॉटपर्यंत जातो. ‘कोअर आय-९ १४९००के’चे हेच आकडे १२५ आणि २५३ वॉट आहेत. ही सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोक्यातून बाहेर काढावी लागते. पंखा आणि उष्णताशोषकावर धूळ व ओल साचली, की प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत महागडा प्रोसेसर अशा वेळी आपली पूर्ण शक्ती दाखवूच शकत नाही.

पावसाळ्यात वीज जाण्याचाही विचार हवा. घरगुती ६०० व्हीए यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉट असते. मध्यम प्रोसेसर आणि मॉनिटर तिला पेलतात. मोठा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकत्र आले, तर वीज जाताच यूपीएसही मान टाकतो. म्हणून यूपीएस आणि नामांकित कंपनीचा पॉवर सप्लाय यांची किंमत पहिल्यापासूनच हिशेबात धरावी.

उद्याची सोय

प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यावर पुढील बदल अवलंबून असतो. एएमडीच्या ‘एएम ४’ सॉकेटवरील २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, २०२० मधील प्रोसेसरही बसू शकले. २०२२ मध्ये आलेल्या ‘एएम ५’ला किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचे ‘एलजीए १७००’ सॉकेट १२व्या ते १४व्या पिढीपर्यंत चालले. २०२४ मध्ये नवे सॉकेट आले. १३व्या व १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळल्यावर इंटेलने २०२४ मध्ये दुरुस्ती दिली आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेताना मदरबोर्डचे बायोस ताजे आहे ना, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावे.

स्वस्त मिळतो म्हणून जुना प्रोसेसर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी, मोजके अपवाद वगळता, इंटेलची किमान आठवी पिढी किंवा ‘रायझन २०००’ मालिका लागते.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : रोज वापरायची सॉफ्टवेअर, एकूण रक्कम आणि संगणक जिथे ठेवायचा ती जागा. मग दरपत्रक मागावे. प्रोसेसर बंद खोक्यातला आहे की सुटा, वॉरंटी किती वर्षांची आणि बिघडल्यास तो रत्नागिरीतच बदलून मिळेल की मुंबई-कोल्हापूरला पाठवावा लागेल, हे बिलावर लिहून घ्यावे. एवढी तयारी केलेल्या ग्राहकाला ‘आय-५ की आय-७’ या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला विचारावे लागत नाही.