दोनपेक्षा जास्त

पहाटे ५.४०

कॅमेरा एक आणि वाटेकरी तीन. माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. त्यामुळे हे दोन दिवस मी पुण्यातल्या दूधवाल्यांच्या बरोबरीने उठते. सायकलने प्रयोगशाळा बारा मिनिटांवर. वाटेतली टपरी अजून बंद असते, म्हणजे चहा आठशिवाय नाही.

६.०५

हीलियम-निऑन लेझर चालू केला. लाल उजेड, ६३२.८ नॅनोमीटर. तापून स्थिर व्हायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर चपला बदलायच्या, टेबलावरचा काळा पडदा काढायचा, आरशांवरची धूळ रबरी ब्लोअरने उडवायची. तोंडाने फुंकर मारायची नाही. गेल्या महिन्यात ज्युनियरने मारली आणि थुंकीचा एक सूक्ष्म थेंब पुढचे दोन दिवस प्रत्येक चित्रात हजर होता.

६.५०

जुळवणी. नमुन्याच्या जागी आधी साधा आरसा लावते. किरण ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत यायला हवा, अगदी सुरुवातीच्या पिनहोलपर्यंत. परतलेला लाल ठिपका पिनहोलच्या काठाकाठाने फिरत राहतो. स्क्रू केसभर फिरवत राहायचं, ठिपका छिद्रात शिरून दिसेनासा झाला की हात काढायचा. हाताने होतं आणि हातानेच बिघडतं. आता कॅमेऱ्यावर जिथे उजेड पडला, ती ‘बरोब्बर मागची’ दिशा. दिवसभर सगळं त्या एका बिंदूभोवती.

किरण दुभागणाऱ्या काचेतून निम्मा उजेड सरळ पुढे निघून जातो. त्याचं आम्हाला काम नाही, पण तो कुठेतरी आपटून परत आला तर नेमका माझ्याच बिंदूवर येऊन बसतो. त्याला गिळायला दाढीच्या ब्लेडांची चळत ठेवलेली असते. धारा पुढे करून पन्नास ब्लेडं घट्ट आवळली की समोरून ती चळत काळीकुट्ट दिसते. धारांच्या फटीत शिरलेला उजेड बाहेर येत नाही. ब्लेडं मीच आणली होती. किराणा दुकानदाराने पन्नास म्हटल्यावर दोनदा विचारून घेतलं.

८.१५

चहा, पोहे. पोहे गार.

८.४०

नमुना म्हणजे रुपयापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती. टायटेनियम डायऑक्साइडची पूड रेझिनमध्ये घोटून मीच ओतली आहे. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, व्हाइटनरमध्ये हीच पूड असते. गंमत अशी, की ती मुळात पांढरी नाही. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, कुटला की पांढरा दिसतो, तसंच हे. कणाकणावर उजेड वळतो, पुन्हा वळतो, हजारदा वळतो, आणि कुठलाच रंग फारसा शोषला जात नसल्यामुळे सगळे रंग सारखेच बाहेर येतात. शिवाय या पदार्थाचा अपवर्तनांक २.६ ते २.७, म्हणजे हिऱ्याहूनही जास्त. पुस्तकात याला प्रकीर्णन म्हणतात. आम्ही स्कॅटरिंग म्हणतो.

चकती काळ्या ॲल्युमिनियमच्या होल्डरमध्ये बसवली आणि होल्डर छोट्या मोटरच्या दांड्यावर. चकती फिरती ठेवायला लागते. का, ते दुपारी अंगावर आलंच.

१०.३०

मोजणी सुरू. दर चित्राला दहा सेकंद, अशी साठ चित्रं, मग पुढची चकती. दिवे बंद. ज्युनियर शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. तिला लागून तीन आठवडे झाले आहेत.

“ताई, पांढऱ्या वस्तूवर लेझर टाकला तर उजेड सगळीकडे सारखाच पसरायला हवा ना? मग बरोब्बर मागेच दुप्पट का?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत होतं, म्हणून उत्तर तयार होतं.

“तुळशीबागेत जातेस ना? समज, तू मंडईच्या बाजूने शिरलीस, पन्नास दुकानं फिरलीस आणि लक्ष्मी रस्त्यावर बाहेर पडलीस. मी लक्ष्मी रस्त्याने शिरले, तीच पन्नास दुकानं उलट्या क्रमाने केली आणि मंडईला निघाले. पावलं कुणाची जास्त?”

“सारखीच.”

“दुकानं हलवून कशीही मांडली तर?”

ती जरा थांबली. “तरी सारखीच. दोघींची वाट एकच आहे.”

एवढंच आहे ते. प्रकाशाची प्रत्येक वाट दोन्हीकडून चालली जाते, आणि त्या दोन लहरी बाहेर पडताना पावलाला पाऊल जुळवून पडतात. एरवी दोन लहरींच्या उजेडाची बेरीज सरासरीने दोन. पावलं जुळली की उंची दुप्पट आणि उजेड चौपट. दोनाच्या जागी चार, म्हणून मागच्या दिशेला भोवतालच्या दुप्पट. जरा तिरकं पाहिलं की एकीला दारापासून पुढे थोडं जास्त चालावं लागतं आणि जुळणी मोडते. दोन दारं जितकी लांब, तितकी ती लवकर मोडते. म्हणून उजेडाचा हा सुळका किती रुंद आहे यावरून आत उजेड सरासरी किती अंतर जाऊन दिशा विसरतो, ते काढता येतं. माझ्या चकतीत अंदाजे १० मायक्रॉन, आणि सुळका जेमतेम ०.४ अंशाचा. लेन्समधून कॅमेऱ्यावर त्याचा दीड मिलिमीटरही होत नाही.

हे पहिल्यांदा नीट दिसलं १९८४-८५ मध्ये: आधी सिएटलला पाण्यात तरंगणाऱ्या लॅटेक्सच्या गोळ्यांत, मग लगोलग ॲम्स्टरडॅम आणि ग्रनोबल इथे.

“पण उजेड अडकतो असंही म्हणतात ना? यात अडकणं कुठे आलं?”

“फिरता फिरता तू पहिल्याच दुकानापाशी परत आलीस तर? तो फेरा डावीकडून आणि उजवीकडून, दोन्हीकडून होतो आणि पावलं जुळतात. म्हणजे निघाल्या जागी परत येण्याची शक्यता दुप्पट. पुढे सरकणं तेवढं कमी.”

हा झाला नुसता अडखळणारा उजेड. दुकानं इतकी दाटीने मांडली, की एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत लहर एक धड लहरही पुरी करू शकत नाही, तर ती पुढे सरकायचीच थांबते. इलेक्ट्रॉनांबद्दल हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये बेल लॅबमध्ये मांडलं. नोबेल मिळालं १९७७ मध्ये. १९७९ मध्ये चौघांचा एक निबंध आला, त्यात अँडरसन यांच्याबरोबर आपले टी. व्ही. रामकृष्णनही होते. त्याचं सार असं: एका आणि दोन मितींत पसारा पुरेसा मोठा असला, की थोडीशी अव्यवस्थाही लहरीला अडकवते, तीन मितींत मात्र उंबरठा आहे, तो ओलांडावा लागतो. आमची चकती तीन मितींची, आणि उंबरठ्यापासून कोसभर अलीकडे. मी अडकलेला उजेड मोजत नाही, अडखळलेला मोजते. पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

दुपारी १.१५

डबा. ज्युनियरची आई वांग्याची भाजी अशी करते, की तिच्यापुढे माझा मेसचा डबा उघडायला लाज वाटते. चंद्राचा विषय निघाला. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट उजळ असावा असं वाटतं, प्रत्यक्षात तो सुमारे दहापट असतो. सूर्य बरोब्बर आपल्या पाठीशी असला की चंद्रावरच्या खड्यांच्या सावल्या खड्यांमागे लपतात, हे एक कारण. दुसरं आमचं: अपोलोने आणलेल्या मातीवर १९९३ मध्ये लेझर टाकून पाहिला, तर तुळशीबाग तिथेही निघाली. कोजागरीच्या दुधातही तीच असते म्हणा.

२.२०

पाचवी चकती. स्क्रिप्टने आलेख काढला आणि शिखराचा आकडा, म्हणजे ते भोवतालच्या किती पट, आला २.६४.

आमच्या मांडणीत हा आकडा दोनच्या वर जायला वावच नाही. तरी पहिली दहा मिनिटं मी काय केलं ते सांगते: आलेखाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला.

या क्षेत्रात अशी घाई महागात पडते, आणि ती माझ्याहून थोर लोकांना पडली आहे. जाड थरातून पलीकडे येणारा उजेड साधारणपणे जाडीच्या व्यस्त प्रमाणात घटतो: जाडी दुप्पट, तर उजेड निम्मा. उजेड अडकत असेल तर तो फार झपाट्याने, घातांकी रीतीने घटतो. १९९७ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पुडीत नेमकं तसं दिसलं आणि ‘प्रकाश अडकला’ असं जाहीर झालं. दोन वर्षांत आक्षेप आला, की पुडीने जराशी जरी लहर शोषली तरी आलेख असाच दिसेल. बाहेर न आलेला उजेड आत अडकलाय की मेलाय, हे बाहेरून कसं ओळखायचं?

म्हणून पुढची युक्ती वेळ मोजण्याची. जर्मनीत कॉन्स्टान्झला टायटेनियम डायऑक्साइडच्या पुडीत प्रकाशाचा क्षणिक झोत सोडला आणि बाहेर येणारा उजेड कधी-कधी येतो ते मोजलं. काही उजेड फारच उशिरा येत होता. मेलेला उजेड उशिरा येत नाही, म्हणजे तो अडकलाच असणार. हे २००६. आणि २०१६ मध्ये त्याच प्रयोगशाळेने लिहिलं, की तो उशिरा येणारा उजेड पुडीच्या क्षीण फ्लुरोसन्सचा होता, म्हणजे पुडीने आधी पिऊन मग वेगळ्या रंगात सोडलेला. दहा वर्षांची कमाई स्वतःच्या हाताने खोडली. त्या निबंधाची प्रिंट माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. ध्वनीला हे जमलंय, २००८ मध्ये कॅनडात ॲल्युमिनियमच्या मण्यांचं जाळं जोडून अल्ट्रासाउंड अडकवला गेला. पांढऱ्या पुडीतला उजेड अजून कुणाला अडकवता आलेला नाही.

३.१०

स्क्रिप्ट केंद्राभोवती वर्तुळं काढून प्रत्येक वर्तुळाची सरासरी घेते. बाहेरच्या वर्तुळात हजारो पिक्सेल, केंद्रात मोजून चार. मूळ चित्र मी उघडलंच नव्हतं. उघडलं, तर सुळक्याच्या जागी रव्यासारखे दाणे. लाल-काळे, लाल-काळे, स्थिर. स्पेकल.

एका विशिष्ट मांडणीतून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या की असे दाणे पडतात. काही काळेठिक्कर, काही सरासरीच्या तिप्पट-चौपट उजळ. तिपटीच्या वर शंभरात पाच तरी. चकती फिरली की दाण्यांची जागा बदलत राहते, दहा सेकंदांत सगळे पुसले जातात आणि मागे फक्त सुळका उरतो. इथे ते पुसलेच गेले नव्हते, आणि एक जाडजूड दाणा नेमका केंद्रावर बसला होता.

पण मोटर तर फिरत होती. आवाज येत होता. अंधारात हात लावला तर दांडा फिरतोय आणि होल्डर ढिम्म.

४.००

वर्कशॉप. काकांनी कपलिंग हातात घेतलं, नखाने ग्रब स्क्रू हलवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“कधी आवळला होता?”

“मागच्या शुक्रवारी.”

“कशाने?”

मी गप्प. तेव्हा दीड मिलिमीटरची एलन की सापडली नव्हती, मी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने भागवलं होतं. काकांनी दांड्याला कानशीने एक सपाट जागा करून दिली, म्हणजे स्क्रूचं टोक त्यावर बसेल. पाच मिनिटांचं काम. चहा पाजायचं कबूल केलं.

४.४५

पाचवी चकती पुन्हा. आधी कच्चं चित्र उघडलं: गुळगुळीत सुळका, दाणे नाहीत. मग आलेख. १.८७. दोनला कमी का, याची कारणं माहीत आहेत: कॅमेऱ्याची मर्यादा, पोलरायझरमधून झिरपणारा एकदाच वळलेला उजेड, आणि काचेवरची कुठली तरी एक भटकी चमक जी मला दोन महिने सापडत नाहीये. पहिल्या चार चकत्यांची चित्रंही उघडून पाहिली. तीन ठीक. चौथीत अर्ध्यातूनच दाणे सुरू झालेत, म्हणजे तीही रद्द. वेळ उरलेला नाही, चौथी शुक्रवारी.

६.०५

कॅमेरा पुढच्या गटाला दिला. मॅडमना आकडे दाखवले. २.६४ चाही दाखवला, लपवून काय करणार. त्या हसल्या नाहीत. “वहीत लिहिलास?” एवढंच विचारलं. लिहिला होता, कारणासकट.

मैत्रिणीचं उत्तर आलं होतं: अभिनंदन, पार्टी कधी? तिला स्क्रूचा फोटो पाठवला.

६.४०

निघण्याआधी होल्डर मोटरवरून काढला आणि त्याच्या मागच्या काळ्या कडेवर व्हाइटनरचा एक ठिपका दिला. उजेड तिथवर पोचत नाही, पण बॅटरी मारली की होल्डर फिरतोय की नाही हे दिसेल. ज्युनियरने विचारलं, व्हाइटनर म्हणजे चकतीतलीच पूड ना? तीच. सुकायला पाच मिनिटं लागली, तोवर दोघी दारात उभ्या होतो.