बी.एड.ची दैनंदिनी : ध्येय कसे लिहावे, कसे तपासावे

बडोद्यातील आपल्या मराठी घरांत एखादी मुलगी किंवा सून बी.एड. करत असतेच. मुलगेही करतात, पण कमी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करणे आले. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षी असतात. या काळात पाठाचे टाचण करायचे, वर्ग घ्यायचा आणि रोज दैनंदिनी लिहायची. दैनंदिनीच्या सुरुवातीला 'माझी व्यावसायिक ध्येये' असे एक पान बहुधा असते आणि प्रत्येक पाठानंतर 'चिंतन' लिहायचे असते.

मी शिक्षक नाही. बँकेत नोकरी केली, बी.कॉम. झालो. पण घरातल्या दोघी-तिघींच्या दैनंदिन्या वाचायला मिळाल्या आणि लक्षात आले की सर्वांत घाईने भरली जातात ती हीच दोन पाने. 'मी आदर्श शिक्षिका होईन', 'वर्गनियंत्रण सुधारेन', 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटेन', असे काहीतरी लिहायचे, खाली प्राध्यापकांची सही घ्यायची आणि पुढचे पान उलटायचे. यात मोठे नुकसान आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्ग ऐकेनासा होतो, निरीक्षक प्राध्यापक दोन कडक शेरे देतात आणि मुलीला वाटू लागते की हे काम आपल्यासाठी नाही. अशा वेळी 'आदर्श शिक्षिका' या ध्येयाशी स्वतःला ताडून पाहिले तर उत्तर नापासच येणार.

ध्येय असे हवे की आठवड्याने 'झाले' किंवा 'नाही झाले' असे स्पष्ट सांगता यावे. उदाहरणार्थ : 'पुढचे दोन आठवडे प्रश्न विचारल्यावर मी मनात तीन अंक मोजेपर्यंत कोणाचे नाव घेणार नाही आणि उत्तरही सांगणार नाही.' दिसायला क्षुल्लक, पण यामागे अभ्यास आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. नवख्या शिक्षिकेला तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणूनच ते ठरवून करावे लागते.

एका वेळी एकच कौशल्य हातात घ्यायचे, ही कल्पना बी.एड.च्या मुलींना नवी नाही. सूक्ष्म अध्यापनात त्या हेच करतात. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे अभिप्राय ऐकायचा, बारा मिनिटांत पाठ सुधारायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे अभिप्राय, असे ते ३६ मिनिटांचे चक्र असते. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. भारतात तिच्यावर जे काम झाले त्यात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. बी. के. पासी यांचे या विषयावरचे पुस्तक १९७६ चे आहे. मात्र शाळेत पाऊल टाकले की हे चक्र विसरले जाते, कारण समोर दहा मैत्रिणींऐवजी पन्नास-साठ मुले असतात आणि अभिप्राय द्यायला कोणी नसते. ती जागा दैनंदिनीने भरून काढायची असते.

आता चिंतनाकडे वळू. समजा, सातवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवली. बहुतेक दैनंदिन्यांत त्यानंतर लिहिलेले असते, 'पाठ चांगला झाला, काही विद्यार्थ्यांचे लक्ष नव्हते.' या वाक्यातून उद्या काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलांना चिठ्ठीवर एकच गणित द्यावे : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. घरी येऊन चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावावेत. बरोबर उत्तर पाच षष्ठांश. चुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे उत्तर दोन पंचमांश आले असेल तर त्यांचे लक्ष नव्हते असे म्हणता येणार नाही. लक्ष नसलेल्यांची उत्तरे वेगवेगळी येतात. इथे सगळ्यांनी एकच नियम लावला आहे, वरचा अंश वरच्या अंशात आणि खालचा छेद खालच्या छेदात मिळवायचा.

संगणक येण्यापूर्वी आम्हा बँकवाल्यांचा असा एक ठोकताळा होता. संध्याकाळी हिशेब जुळला नाही आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संशय आधी घ्यायचा. ५४ च्या जागी ४५ लिहिले तर फरक ९ येतो. कारकुनाला रागावण्याआधी फरक पाहायचा, कारण शोध कुठून सुरू करायचा ते तो सांगतो.

तर त्या दिवशीचे चिंतन असे होईल : 'बऱ्याच जणांनी अंशात अंश, छेदात छेद मिळवला. मी छेद समान करण्याची रीत सांगितली, पण तो का करायचा ते दाखवले नाही. उद्या पोळीचे चित्र काढून विचारेन, अर्ध्या पोळीत आणखी तिसरा हिस्सा घातला, तर पोळी अर्धीपेक्षा कमी कशी झाली?' दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा लहान असतात, हे मुलांनी स्वतः पाहिले की तो नियम सुटायला मदत होते. मग तशीच चिठ्ठी परवा पुन्हा घ्यायची. चार ओळींचे हे लिखाण दहा मिनिटांत होते, पण त्याच दिवशी झाले पाहिजे. शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरलेली दैनंदिनी वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते, शाईसुद्धा एकच असते!

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. ध्येय मोजता यावे, पण आकड्याच्या मागे लागू नये. बँकेत ठेवींची उद्दिष्टे असत. ३१ मार्चला आलेल्या काही ठेवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जात. कागदावर उद्दिष्ट पूर्ण, शाखेला फायदा काही नाही. 'माझ्या तासाला २० मुले हात वर करतील' असे ध्येय ठेवले तर सोपे प्रश्न विचारून तेही साधता येते. त्यापेक्षा बैठकीचा आराखडा काढावा आणि जो बोलला त्याच्या चौकोनात खूण करावी. आठवड्याने कोणते चौकोन कोरे राहिले ते पाहावे. बहुधा मागच्या बाकावरचे आणि खिडकीकडचे राहतात. पुढच्या आठवड्याचे ध्येय त्यांतल्या दोन-तीन मुलांच्या नावानेच लिहावे.

आपल्या मुलींना आणखी एक ध्येय लागते, ते म्हणजे भाषेचे. घरात मराठी, स्वतःचे शिक्षण इंग्रजी माध्यमात आणि वर्ग मिळतो गुजराती माध्यमाचा. बोलणे अडत नाही, अडते ते विषयाच्या शब्दांपाशी. गुणाकार, भागाकार, अंश, छेद हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. पण बेरजेला 'सरवाळो' आणि वजाबाकीला 'बादबाकी' म्हणतात. माझ्या भाचीच्या तोंडून ऐन पाठात 'वजाबाकी' निघाले आणि वर्ग हसला. ती घरी येऊन म्हणाली, "मामा, माझं गुजरातीच कच्चं आहे." आम्ही दोघांनी बसून येत्या महिन्याच्या धड्यांतले शब्द काढले, तर अडणारे फार थोडे निघाले. 'गुजराती सुधारणे' हे ध्येय खोडून तिने 'रोज तीन शब्द, टाचणाच्या समासात' असे लिहिले.

घरच्यांनीही 'आज कसा गेला दिवस?' असे विचारण्यापेक्षा 'आज कोणाला समजलं नाही?' असे विचारून पाहावे. त्या प्रश्नाला 'ठीक' असे उत्तर देता येत नाही. भाचीची आई आता रोज हेच विचारते. सध्या फळ्याचे काम चालू आहे. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते आणि भाचीचा हात घाईत अजून अक्षरांवर रेघ ओढतो. ती रोज तास संपल्यावर फळ्याचा फोटो काढते आणि रेघा मोजते.