लखनौच्या भीमसेनची पाखरं

पिंजऱ्यातल्या त्या पिवळ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या ट्वीटीला कोण ओळखत नाही! आणि तिच्यावर टपून बसलेल्या सिल्व्हेस्टर बोक्याला? बोका नाना युक्त्या लढवतो, पण शेवटी मार खातो तोच. बॉब क्लॅम्पेट यांनी १९४२ मध्ये हे पिल्लू पडद्यावर आणले तेव्हा ते गुलाबी, बिनपिसांचे होते. सेन्सॉरवाल्यांना ते नागडे वाटले, म्हणून त्याला पिवळी पिसे फुटली, असे सांगतात! फ्रिझ फ्रेलंग यांच्या १९४७च्या ‘ट्वीटी पाय’मध्ये बोका आणि पाखरू प्रथमच समोरासमोर आले आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. गंमत म्हणजे दोघांचाही आवाज एकाच माणसाचा, मेल ब्लँक यांचा.

उपग्रह वाहिन्यांनी हा बोका आपल्या घरोघरी आणला तो नव्वदच्या दशकात. त्याआधी, दूरदर्शनच्या जमान्यात, मुलांच्या ओठांवर होती ती वेगळीच पाखरं. त्यांच्या मागे बोका नव्हता, जाळे घेतलेला पारधी होता. ‘एक, अनेक और एकता’ हा तो अवघ्या सात मिनिटांचा चित्रपट. आणि ही पाखरं चितारणारा कलावंत लखनौत घडलेला!

भीमसेन म्हटले की मराठी माणसाच्या कानात किराणा घराण्याची तान घुमते. हे भीमसेन मात्र खुराना. जन्म १९३६चा, मुलतानचा. फाळणीत घरदार तिकडेच राहिले आणि कुटुंब लखनौला आले. तिथे या मुलाने चित्रकलेबरोबर शास्त्रीय संगीताचेही धडे घेतले, म्हणजे नाव अगदीच वाया गेले नाही! १९६१ मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रे रंगवू लागले. तिथल्या कार्टून विभागाला डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांनी वळण लावले होते. त्यांचे शिष्य राम मोहन यांच्या हाताखाली भीमसेन चित्रांना हलवायला शिकले. १९७० मध्ये स्वतःच्या हिमतीवर केलेल्या ‘द क्लाइंब’ने शिकागोच्या महोत्सवात ‘सिल्व्हर ह्यूगो’ मिळवले.

१९७४ मध्ये त्यांची गाठ पडली ती विजया मुळे यांच्या कल्पनेशी. मुंबईत जन्मलेल्या, पाटण्यात फिल्म सोसायटी चालवलेल्या या विजयाबाई म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई. मुलांना एकी समजवायची, पण उपदेशाचा कडू डोस न पाजता! म्हणून थोरली बहीण धाकट्या भावाला गोष्ट सांगते. गोष्ट पंचतंत्राच्या वळणाची. जाळ्यात अडकलेली पाखरं एकदम पंख मारतात, जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात. बोक्याच्या चित्रपटात ज्याची गणना खाद्यात व्हायची, तो उंदीर इथे तारणहार! ट्वीटीला वाचवायला आजीबाई धावून येते. इथे मात्र एकटे पाखरू सुटूच शकत नाही.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी सात मिनिटांसाठी पाच हजारांवर चित्रे लागतात. संगणक नव्हता, सगळे हातचे काम. संगीत वसंत देसाई यांचे. गाणे लिहिले दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी, आणि त्यातला कोवळा स्वर पुढे पार्श्वगायिका म्हणून नावारूपाला आलेल्या साधना सरगम यांचा. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक चित्रपटाला मिळाले, यात नवल ते काय!

तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, भीमसेन यांनी ‘घरौंदा’ दिग्दर्शित केला. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्याची ही कहाणी, आणि ती सांगणारा माणूस लहानपणीच घराला पारखा झालेला.

भीमसेन २०१८च्या एप्रिलमध्ये गेले, विजयाबाई २०१९च्या मे महिन्यात. त्यांची नावे विचारली तर चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसे आजही गोंधळतात. गाणे मात्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतात, तेही चालीवर.