एकच स्मार्ट चावी मिळाली तर

महामार्गावर रात्री गाडीची चावी रुसली आणि दुसरी जवळ नसली, तर हाल होतात. करोनाकाळात इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा सुरू झाला आणि त्याची झळ चावीपर्यंत पोहोचली. ऑक्टोबर 2022 मध्ये टोयोटाने जपानमध्ये जाहीर केले, की नव्या गाडीसोबत तूर्त एक स्मार्ट चावी आणि एक साधी चावी मिळेल, दुसरी स्मार्ट चावी नंतर.

स्मार्ट चावी रेडिओ लहरींनी गाडीला आपली ओळख पटवते, म्हणून ती खिशातच ठेवून बटण दाबले तरी गाडी सुरू होते. साधी चावी कुलूप फिरवते. मात्र हल्लीच्या बहुतेक साध्या चाव्यांतही चोरीरोधक चिप असते. त्यामुळे नाक्यावरच्या चावीवाल्याने नुसते पाते घासून दिले, तर दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही.

स्मार्ट चावीचा सेल संपला तरी घाबरू नका. तिच्या पोटात बहुधा धातूचे पाते दडलेले असते, त्याने दार उघडते. मग चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबले, की बऱ्याच गाड्या सुरू होतात. हे आजच, घराच्या अंगणात एकदा करून पाहा. आणि नवी गाडी घेताना दुसरी चावी मिळायची बाकी असेल, तर ती कधी मिळेल हे विक्रेत्याकडून लेखी घ्याच.