काकूंचे बक्षीसपत्र

आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकू ऐंशीच्या, निपुत्रिक. जिना चढवेना, तेव्हा त्यांनीच मला बोलावून सांगितले, "आता मी वृद्धाश्रमात जाते." इंदूरच्या जुन्या घरांत हा शब्द अजून दबक्या आवाजात निघतो; काकूंनी तो खणखणीत उच्चारला.

प्रश्न पैशाचा. बँकेकडे घर उलटे गहाण ठेवावे, तर घर कायमचे सोडताच ते कर्ज फेडीस येते. तेव्हा घर पुतण्याला बक्षीस द्यावे व त्याने आश्रमाचा खर्च भरावा, असे ठरले. पण तोंडी!

मी म्हटले, "काकू, हे कागदावर हवे." ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे सांभाळाची अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकते. आपल्याच मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी रद्द केले. मुलाचे लेखी वचन तिच्यापाशी होते म्हणून.

पुतण्या चिडला. "काकू, माझ्यावर विश्वास नाही?"

काकूंनी त्याच्यापुढे आधी चहा ठेवला, मग मसुदा.

"आहे ना. म्हणूनच सही करायला तुला जड जाणार नाही."