पुढच्या मॉडेलची वाट किती पाहायची?

स्वस्त संगणकाचे पुढचे मॉडेल केव्हा येणार आणि कितीला मिळणार, ही चर्चा शहरी शौकिनांची करमणूक असेल. गंगाखेड तालुक्यात ज्या घरातले आईबाप ऊसतोडीला जातात आणि मुलगी बारावीला आहे, त्या घरात हाच प्रश्न भवितव्याचा होतो. आता घ्यावा की थांबावे?

थांबणाऱ्यांच्या पदरी आजवर काय पडले? 2001 साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांचा 'सिम्प्युटर' गाजला. नऊ हजारांत तो खेड्यापाड्यांत जाईल, असे सांगितले गेले, गेला नाही. 2005 साली एचसीएलने 9,990 रुपयांचा घरगुती संगणक काढला. 2011 च्या ऑक्टोबरात 'आकाश' टॅब्लेट आला, पुढच्या वर्षी 'आकाश-2' आला. मग योजनाच विरली. 2022 साली रिलायन्सचे जिओबुक 15,799 रुपयांना आले. 2023 चे नवे मॉडेल जाहीर झाले 16,499 रुपयांना! नवे ते स्वस्त, हा समज इथेच खोटा ठरतो. रोजगार हमीचा 2025-26 चा राज्यातला दर दिवसाला 312 रुपये. म्हणजे या एका यंत्रासाठी 53 दिवसांची मजुरी, आणि तीही पोटाला काही न खाता!

पुढच्या मॉडेलबद्दल आमचा अंदाज स्पष्ट आहे. 2025 च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि चिपचे कारखाने त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळले. स्वस्त संगणकासाठी नावाजलेल्या रास्पबेरी पायलाही किमती वाढवाव्या लागल्या. तेव्हा नवे मॉडेल एक तर महाग येईल, किंवा स्वस्ताची पाटी लावून आत मेमरी कमी असेल. श्रीमंतांच्या यंत्रांची भूक गरिबाच्या लेकराने का भागवावी?

म्हणून आम्ही सांगतो, भाव उतरण्याची वाट पाहू नका. ऐपत असेल त्यांनी चांगला तपासून जुना संगणक घ्यावा. ज्यांची ऐपत नाही, त्यांच्यासाठी समाजकल्याणच्या वसतिगृहात आणि तालुक्याच्या ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत चालू संगणक हवेत. भरतीचा अर्ज ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन. मग सरावाची सोय सरकारने का करू नये? कंपनीच्या घोषणेची वाट पाहण्यापेक्षा या मागणीचे निवेदन घेऊन तहसीलवर गेलेले बरे.